कोरडा दिवस

शुक्रवारी मी हिवरधऱ्यात जातो
आणि लोकांना पाणी फेकायला सांगतो.
एवढंच माझं काम. मे महिन्यातही.

कागदावर याला कोरडा दिवस म्हणतात.
शालिक उईके पाराखालून विचारतो,
"म्हंजे आज भट्टी बंद हाय का, डाक्टर?"
मी डॉक्टर नाही. आरोग्यसेवक.
खांद्यावर सरकारी पिशवी,
आणि भर बाराच्या उन्हात पेटवलेली बॅटरी
लोकांच्या रांजणात.

शोधतो मी एक वळवळ.
स्वल्पविरामाएवढी.
उजेड पडला की डोकं खाली घालून
बुडी मारते.

नळ चौथ्या दिवशी, तोही पाऊण तास.
रायवंता कुमरे उभी राहते
रांजण आणि माझ्या मधोमध.
"फेकू?
तूच ये न बाप्पा उद्या हापशीवर,
भरून पाह्य एक गुंड,
मंग सांग मले फेक म्हणून."

माझ्याकडे पत्रक असतं.
पत्रकावर डास, म्हशीएवढा.
ती निरखून पाहते.
"एवढाल्ला असता
तं म्या काठीनंच नसता का हाणला?"

त्या दिवशी आम्ही पाणी फेकलं नाही.
तिनं जुन्या लुगड्याचा पदर दुहेरी केला,
गुंडाच्या तोंडावर ताणून धरला.
मी रांजण कलता केला.
कापडावर राहिल्या त्या,
अकरा, बारा, मोजता मोजता सुकल्या.
मग रिकामा रांजण तिनं नारळाच्या शेंडीनं
आतून घासला, काठाकाठानं,
जिथं अंडी चिकटून राहतात तिथं,
मी सांगायच्या आधीच.
वाळवला. पुसला. पाणी परत आत.
तोंडाला तोच पदर, परकराच्या नाड्यानं आवळून.
लोटाभरही वाया गेलं नाही.

अठ्ठावीस वर्षं मी "फेका" म्हणत आलो.

पुढच्या शुक्रवारी गल्लीत सात रांजणांना पदर.
त्याच्या पुढच्या वेळी मोजले नाहीत.
गुलाब धुर्वेनं पंक्चरच्या दुकानातले टायर
कुरकुरत का होईना छपराखाली घेतले.
त्याचा पोरगा गुरांच्या टाक्यात
बाटलीतून गप्पी मासे सोडतो,
प्रत्येकाला नाव ठेवून.

हेमराज गुरुजी मात्र ओसरीवर बसवून
तासभर सांगत होते, गाव कसं अडाणी आहे.
त्यांच्या कूलरची टाकी मी उघडली.
आत स्वल्पविरामांची
अख्खी निबंधवही.

एका दारात मी बॅटरी लावत नाही.
तीन वर्षांपूर्वी प्लेटलेट हा शब्द
गावात पहिल्यांदा आला, त्याच घरातून.
कापसाच्या भावासारखे आकडे यायचे फोनवर,
आज चाळीस, आज बावीस,
पाराखाली सगळे मान खाली घालून ऐकायचे.
मग एका संध्याकाळी फोन आला,
त्यात आकडा नव्हता.
प्रणोतीची आई रांजण पालथाच घालून ठेवते,
शुक्रवार असो, नसो.
मी गेरूनं दारावर तारीख टाकतो
आणि पुढे होतो.

तालुक्याला आढावा बैठक असते.
साहेब माझ्या रकान्यांवरून बोट फिरवतात.
ताप, शून्य. रक्तनमुने दूषित, शून्य.
"हिवरधऱ्यात जाता,
का झाडाखाली बसून भरता?"
मी म्हणतो, जातो साहेब.
याहून जास्त काय म्हणणार?
न आलेल्या तापाला
कुणाच्या सहीनं साक्षीला आणू?
परतीच्या एसटीत चिडचिड होते,
कळंबच्या पुढे झोप लागते.

आज पुन्हा शुक्रवार.
रायवंताचा रांजण अंगणात, उन्हाकडे तोंड करून.
त्याच्या सावलीत एक कोंबडी.
"काऊन, यंदा तुले काही कामच नाही राह्यलं?"
असं म्हणत ती गुंडातून
लोटाभर पाणी पुढे करते.

सवयीनं माझा अंगठा
बॅटरीच्या बटणावर जातो.
लोट्यात उजेड पडतो.

"पी न मुकाट्यानं,"
ती म्हणते.